पोर्देनोनेचा पडदा

(पडदा काळा. प्रोजेक्टरची घरघर. मग पियानोचा एकच स्वर.)

ऑक्टोबरच्या आरंभी इटलीच्या ईशान्य भागातील पोर्देनोने या शहरात सकाळी नऊच्या सुमारास वेर्दी नाट्यगृहाच्या दाराशी जी मंडळी जमतात, त्यांना आज कोणते चित्रपट दाखवले जाणार आहेत हे ठाऊक असते. पण ते चित्रपट कसे आहेत हे मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते, कारण त्यांतले कित्येक गेल्या शंभर वर्षांत कुठल्याच चित्रपटगृहात लागलेले नाहीत. आठ दिवस, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, येथे भरणाऱ्या महोत्सवात केवळ मूकपट दाखवले जातात. प्रेक्षकांत संग्रहालयांचे अभिरक्षक असतात, प्राध्यापक असतात, रसायनांत हात बुडवून रिळे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ असतात आणि कोणत्याही कामाशिवाय, निव्वळ पाहण्यासाठी आलेले हौशी रसिकही असतात.

(भूकंपाची जुनी छायाचित्रे: कोसळलेली घरे, तंबूंच्या रांगा.)

या महोत्सवाची मुळे एका आपत्तीत आहेत. ६ मे १९७६ च्या रात्री, पोर्देनोने ज्यात येते त्या फ्रिउली प्रांताला भूकंपाने हादरवले. जवळपास हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि जेमोनासारखी जुनी गावे ढिगाऱ्यांत गेली. घरे गमावून तंबूंत राहणाऱ्या लोकांसाठी जेनोआ शहरातले आंजेलो हुमुदा हे चित्रपटसंग्राहक प्रोजेक्टर आणि जुन्या चित्रपटांची रिळे घेऊन आले. अन्नवस्त्रांची निकड असताना कुणाला चित्रपट आठवावेत, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु त्या खेळांतूनच जेमोनामध्ये ‘चिनेतेका देल फ्रिउली’ हे चित्रपट-संग्रहालय उभे राहिले, आणि त्या संग्रहालयाने पोर्देनोनेतील ‘चिनेमाझेरो’ या संस्थेच्या साथीने १९८२ मध्ये पहिला मूकपट महोत्सव भरवला. पहिल्या वर्षी मॅक्स लिंडर या फ्रेंच विनोदवीराचे चित्रपट निवडण्यात आले होते. चॅप्लिनने ज्याला गुरू मानले, तो हा लिंडर. पुढे पोर्देनोनेचे जुने नाट्यगृह पाडले गेल्याने महोत्सव काही वर्षे शेजारच्या साचिले गावी भरला आणि २००७ मध्ये नव्या वास्तूत परतला.

ज्या काळात हा महोत्सव रुजला, त्या काळाकडेही पाहिले पाहिजे. १९७८ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे चित्रपट-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची परिषद झाली आणि तेथे १९०० ते १९०६ या वर्षांतील शेकडो लघुपट तज्ज्ञांनी सलग पाहिले. तोवर आरंभीच्या सिनेमाचा इतिहास बराचसा आठवणींवर आणि जुन्या पुस्तकांवरून उतरवलेल्या पुस्तकांवर उभा होता. रिळे प्रत्यक्ष पाहिल्यावर ध्यानात आले की हा सिनेमा म्हणजे पुढच्या सिनेमाचे बोबडे बोल नव्हेत. त्याचे व्याकरणच वेगळे होते. त्यात गोष्ट सांगण्यापेक्षा काहीतरी दाखवून चकित करण्याची ओढ अधिक होती. पोर्देनोनेने हीच पद्धत पुढे चालवली. १९९७ पासून २००८ पर्यंत, म्हणजे तब्बल बारा महोत्सवांत, डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या अमेरिकी दिग्दर्शकाचे उपलब्ध असलेले सारे चित्रपट कालक्रमाने दाखवण्यात आले. एका माणसाला पाहण्यासाठी बारा वर्षे घालवणारा दुसरा महोत्सव शोधावाच लागेल.

खरे सांगायचे तर, यातले सगळेच चित्रपट चांगले नसतात. १९०७ सालचे पाठलागाचे विनोदी लघुपट एकामागून एक पाहताना, ज्यांत कुणीतरी कुणाच्या तरी मागे धावतो आणि वाटेतल्या प्रत्येक भाजीच्या गाड्यावर आपटतो, डोळ्यांवर झापड येऊ शकते. पण अशाच एखाद्या सामान्य लघुपटाच्या मागच्या बाजूला एखादा खरा रस्ता दिसतो, कॅमेऱ्याकडे टक लावून उभे राहिलेले पोर दिसते, आणि झोप उडते.

(हाताने फिरवायचा लाकडी कॅमेरा. दांडी फिरवणारा हात.)

मूकपटांतली माणसे तुरुतुरु चालतात, असा एक समज आपल्या मनात घट्ट बसलेला आहे. हा दोष त्या माणसांचा नाही. त्या काळी कॅमेऱ्याची दांडी हाताने फिरवली जात असे आणि सेकंदाला साधारण सोळा ते अठरा, कधी त्याहून अधिक चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिर चित्रे, टिपल्या जात. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चौकटी हे प्रमाण ठरले, आणि जुनी रिळे त्याच वेगाने पळवण्यात आल्यामुळे धीरगंभीर राजेसुद्धा बदकासारखे चालू लागले. हजार फुटांचे एक रीळ सोळाच्या वेगाने चालवले तर सोळा मिनिटांहून थोडे अधिक चालते. चोवीसच्या वेगाने तेच अकरा मिनिटांत संपते. मधली पाच मिनिटे म्हणजे नटाने घेतलेला श्वास, मान वळवण्याआधीचा क्षण, डोळ्यांत पाणी येण्यासाठी लागणारा अवधी. म्हणूनच पोर्देनोनेत प्रत्येक चित्रपटाचा वेग वेगळा ठरवला जातो आणि कार्यक्रमपुस्तिकेत तो छापलाही जातो. आपल्याकडच्या संगीताच्या बैठकीत लयीवरून जसे वाद होतात, तसे येथे मध्यंतरात चौकटींच्या वेगावरून होतात.

रंगांबाबतही असाच गैरसमज आहे. त्या काळचे बहुतेक चित्रपट कृष्णधवल छापले गेले तरी प्रेक्षकांसमोर ते रंगीत होऊन येत: रात्रीच्या दृश्यासाठी फिल्मची पट्टी निळ्या रंगात बुडवली जाई, आगीसाठी तांबड्या, दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर. पॅरिसच्या पाथे कंपनीत तर कामगार स्त्रिया बारीक छिद्रे कापलेल्या पट्ट्यांतून एकेका चौकटीवर रंग भरत असत. फुलपाखरू झालेली नर्तिका अशा रंगांत पडद्यावर उलगडते, तेव्हा सभागृहात दबका हुंकार उठतो; आणि तो हुंकार १९०८ सालच्या प्रेक्षकाच्या हुंकारापेक्षा फारसा निराळा नसावा.

पडद्याच्या खाली, अंधारात, पियानोवादक बसलेला असतो. येणारा चित्रपट त्याने आधी पाहिलेला असेलच असे नाही. पडद्यावर नजर ठेवून तो तिथल्या तिथे स्वर रचतो. नायिका पत्र उघडते तेव्हा त्यात काय लिहिले आहे हे त्यालाही आपल्याबरोबरच कळते. आपल्याकडेही मूकपटांच्या खेळाला पेटी-तबल्याची साथ असे आणि ज्यांना अक्षरे वाचता येत नसत त्यांच्यासाठी पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचणारी व्यक्तीही असे. मूकपट म्हणजे शांतता, ही कल्पना बोलपटांच्या पिढीने नंतर करून घेतलेली आहे.

(फुगलेले, चिकटलेले रीळ. हातमोजे घातलेली बोटे ते सावकाश सोडवत आहेत.)

आता प्रश्न असा की हे चित्रपट उरले कसे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती वेगाने पेट घेते, जळताना स्वतःच प्राणवायू सोडते आणि त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. पेटली नाही तरी ती आतून कुजते. आधी चिकट होते आणि अखेरीस तपकिरी भुकटी होऊन डब्यात उरते. या सगळ्यातून जे वाचले, ते पुष्कळदा जतन करायचे असे कुणी ठरवले नव्हते म्हणूनच वाचले.

योझेफ जोय या स्वित्झर्लंडमधील जेझुइट धर्मगुरूची हकीकत याबाबतीत सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बाझल शहरात मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी जुन्या बाजारातून वापरून झालेली रिळे विकत घेण्यास सुरुवात केली आणि पाहता पाहता मोठा साठा जमा केला. अर्ध्या शतकानंतर दाविदे तुर्कोनी या इटालियन इतिहासकाराने तो पाहिला तेव्हा रिळे कुजू लागली होती आणि त्यांच्या प्रती काढण्यासाठी पैसा मिळत नव्हता. तुर्कोनींनी कात्री घेतली. एकेका चित्रपटातून त्यांनी काही चौकटी कापून पाकिटांत ठेवल्या. निदान तेवढे तरी राहील, हा त्यामागचा हिशेब होता. अशा वीस हजारांहून अधिक चौकटी आज जपलेल्या आहेत. पुढे १९७६ मध्ये जोय यांचा साठा लंडनच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालयात गेला आणि त्यातले बरेच चित्रपट वाचले. म्हणजे चित्रपट वाचावा म्हणून ज्याने त्यावर कात्री चालवली, त्याच्या कापलेल्या चौकटी आता मूळ रंग कसा होता हे सांगणारा पुरावा ठरतात. तुर्कोनी चुकले की बरोबर होते, यावर अभिरक्षकांचे एकमत होणे कठीण आहे. रीळ डोळ्यांदेखत भुकटी होत असताना हात बांधून बसणे तरी कोणाला जमले असते?

कधी शोध उंबरठ्यावरच लागतो. ऑर्सन वेल्स या अमेरिकी दिग्दर्शकाने १९३८ साली एका नाटकासोबत दाखवण्यासाठी चित्रित केलेला आणि हरवला असे मानला गेलेला मूकपट पोर्देनोनेतल्याच एका गोदामात सापडला आणि २०१३ च्या महोत्सवात प्रथमच जाहीरपणे दाखवला गेला.

(पुणे. विधी महाविद्यालय रस्त्याची वर्दळ. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची इमारत.)

१९९४ च्या महोत्सवात भारतीय मूकपटांचा स्वतंत्र विभाग होता आणि त्या निमित्ताने सुरेश छाब्रिया यांनी संपादित केलेला ग्रंथही प्रसिद्ध झाला. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. काही कुजले, काही जळले, तर काही फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी वितळवले गेले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये काढलेला ‘सावकारी पाश’ आज आपल्याला केवळ वर्णनांतूनच ठाऊक आहे.

दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत दैव थोडे उदार राहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. पी. के. नायर यांनी पुण्याच्या संग्रहालयासाठी जे मिळवले, त्यात पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आहेत. आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. त्यामुळे राजा आपल्या मुलाला, रोहिदासाला, धनुर्विद्या शिकवताना दिसतो, आणि त्यानंतर एकदम स्मशान. राज्य गेले, विक्री झाली, ताटातूट झाली, हे सारे आपण कथेतून भरून घ्यायचे. मराठी प्रेक्षकाला ते जड जात नाही, कारण ही कथा त्याने आजीकडून ऐकलेली असते. पण कथा ठाऊक असणे वेगळे आणि तारामतीच्या भूमिकेतल्या अण्णा साळुंके यांनी मधल्या दोन रिळांत दुःख कसे दाखवले हे पाहणे वेगळे.

१९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ मात्र बऱ्याच अंशी हाती आहे. त्याच्या आरंभी कथा सुरू होत नाही. फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक मुद्रा करून दाखवते. वडील दांडी फिरवणाऱ्याच्या शेजारी उभे राहून सूचना देत असावेत, असे तिच्या नजरेवरून वाटत राहते. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू मुकुट उमटतो आणि मुलीचा कृष्ण होतो.

(मंदाकिनीचा चेहरा. पियानो थांबलेला. फक्त प्रोजेक्टरची घरघर.)