शेवटच्या फळीतला एकतीस नंबर

नमस्कार श्रोतेहो.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव आपल्या कानांना नवं नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिथे कसोटी सुरू होते आणि आपल्याकडे पहाटे अंधारातच घरोघरी समालोचन लागतं. पण तिथला हिवाळा आला की त्या मैदानावर दुसऱ्याच खेळाचं राज्य असतं. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिकडची माणसं त्याला लाडाने 'फूटी' म्हणतात. आज मी त्या खेळातल्या एका बचावपटूबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव डस्टिन फ्लेचर.

आधी खेळाची थोडी ओळख करून घेऊ, कारण त्याशिवाय या माणसाचं मोल कळायचं नाही. १८५९ साली मेलबर्नमध्ये काही मंडळींनी बसून या खेळाचे नियम लिहिले. त्यांच्यातला प्रमुख टॉम विल्स हा मुळात नावाजलेला क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये, हा त्याचा हेतू. म्हणून आजही हा खेळ क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर होतो. एका बाजूला अठरा जण. चेंडू लांबट. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच आणि कडेचे दोन बुटके. उंच खांबांमधून किक मारून चेंडू काढला तर सहा गुण, उंच आणि बुटक्या खांबांच्या मधून गेला तर एक. जाळी नाही, आडवी दांडी नाही, ऑफसाइड नाही. आणि गोलरक्षकही नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. किक मारलेला चेंडू किमान पंधरा मीटर हवेतून आला आणि तुम्ही तो स्वच्छ झेललात, तर त्याला मार्क म्हणतात. मार्क घेणाऱ्याला अडथळ्याविना किक मारायला मिळते. म्हणजे समोरचा फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला पुढे उभा असलेला खेळाडू, खांबांपासून तीस मीटरवर झेल घेऊन उभा राहिला, की सहा गुण जवळजवळ गेलेच म्हणायचे. त्याला तो झेल घेऊ न देणं, हेच फुल बॅकचं, म्हणजे खांबांसमोरच्या शेवटच्या बचावपटूचं, काम. कबड्डीत कोपरा सांभाळणारा जसा चढाईवाल्याच्या पायावर डोळा ठेवून असतो, तसा हा तासन् तास एकाच माणसाला चिकटून असतो.

डस्टिनचे वडील केन फ्लेचर एसेंडन क्लबकडून २६४ सामने खेळले आणि क्लबचे कप्तानही झाले. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये बापाच्या क्लबला मुलावर पहिला हक्क सांगता येतो. त्या नियमाने डस्टिन एसेंडनकडे आला आणि १९९३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मुख्य संघात उभा राहिला. तेव्हा तो बारावीत होता. सोमवार ते शुक्रवार शाळा, आणि शनिवार-रविवारी देशातल्या सगळ्यात धिप्पाड फॉरवर्डांशी गाठ.

आणि ते वर्ष कुठलं, तेही ऐका. १९९३ च्या हंगामात टोनी मॉड्राने १२९ गोल केले, गॅरी अ‍ॅब्लेटने १२४, जेसन डन्स्टॉलने १२३. एकाच हंगामात शंभराच्या पुढे गेलेली ही माणसं. फुल बॅकसाठी याहून कठीण वर्ष शोधून सापडायचं नाही, आणि एसेंडनचे प्रशिक्षक केव्हिन शीडी यांनी त्या जागेवर शाळकरी पोर उभं केलं. मला या निर्णयाचं अजूनही आश्चर्य वाटतं. शीडींचा तो संघच पोरसवदा होता, लोक त्यांना 'बेबी बॉम्बर्स' म्हणत. प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपान्त्य सामन्यात, अ‍ॅडलेडविरुद्ध मध्यंतराला ते ४२ गुणांनी मागे होते. तिथून त्यांनी सामना खेचून आणला आणि पुढच्या आठवड्यात कार्लटनला ४४ गुणांनी हरवून विजेतेपद घेतलं. बारावीतल्या मुलाच्या गळ्यात विजेतेपदाचं पदक! त्याच वर्षी त्यांच्याच बचाव फळीतल्या गॅव्हिन वँगनीनला लीगमधला सर्वोच्च वैयक्तिक मान, ब्राउनलो पदक, मिळालं. तो मान मिळवणारा तो पहिला आदिवासी खेळाडू.

फ्लेचर खेळायचा कसा, ते सांगतो. उंची १९८ सेंटिमीटर, अंगाने सडपातळ आणि हात लांबलचक. चेंडू उंच येतोय. फॉरवर्ड पुढे, फ्लेचर अर्धं पाऊल मागे. फॉरवर्ड कमरेने मागे रेटून स्वतःला जागा करून घेतो. फ्लेचर ती देतो, धक्काबुक्कीच्या नादी लागत नाही, कारण वजनात तो हरणार हे त्याला ठाऊक असतं. फॉरवर्डचे हात वर जातात. बोटं पसरतात. त्याच क्षणी मागून, खांद्याच्या वरून, एक मूठ येते आणि चेंडू उडून जातो. पाठीला धक्का लागला तर पंचांची शिट्टी. दंडावर फटका बसला तरी शिट्टी. नुसत्या चेंडूलाच लागलं पाहिजे. याला तिकडे 'स्पॉइल' म्हणतात. स्पॉइल करणाऱ्याच्या नावावर गुण लागत नाही. धावफलक होता तिथेच राहतो, आणि फुल बॅकला तेच हवं असतं.

दुसरी गोष्ट त्याच्या पायाची. समोरच्याला एक गुण मिळाला की बचाव करणारा संघ गोलसमोरच्या चौकटीतून चेंडू परत खेळात आणतो. फ्लेचरची किक इतकी लांब जायची की शत्रूचा वेढा एका फटक्यात मागे पडे.

एका गुणाची किंमत मात्र एसेंडनइतकी फार थोड्यांनी मोजली असेल. १९९६ ची प्रिलिमिनरी फायनल सिडनीत. बरोबरी. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू टोनी लॉकेटच्या हातात होता. त्याची किक उंच आणि बुटक्या खांबांमधून गेली, एक गुण मिळाला आणि एसेंडन बाहेर. १९९९ ला पुन्हा तीच पायरी, समोर कार्लटन, आणि पुन्हा एका गुणाने हार. त्यानंतर २००० साली हा संघ जो काही खेळला, त्याला तोड नाही. सगळ्या हंगामात एकच पराभव, अंतिम सामन्यात मेलबर्नवर ६० गुणांनी मात. आणि इतके गोल करणाऱ्या त्या संघात वर्षभरातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून क्लबने पदक कोणाला दिलं? फुल बॅकला. डस्टिन फ्लेचरला. मला त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात मोठा मान वाटतो, कारण तो रोज सराव पाहणाऱ्यांनी दिलेला आहे.

त्या वर्षी तो देशभरातल्या निवडक खेळाडूंच्या 'ऑल ऑस्ट्रेलियन' संघात आला. पुन्हा आला २००७ साली, बत्तिसाव्या वर्षी. मधल्या काळात खेळ बदलला होता, आणि बदल बहुतेक फुल बॅकच्याच वाट्याला आले. २००६ पासून एक गुण गेल्यावर गोलपंचाचं निशाण हलायची वाट न पाहता चेंडू चटकन खेळात आणता येऊ लागला. फ्लेचरसारख्या पायाच्या माणसाला ती पर्वणीच. २००७ पासून फॉरवर्डच्या पाठीवर नुसता तळवा टेकवणंही महागात पडू लागलं. मग २००८ चा अंतिम सामना आला. त्यात हॉथॉर्नच्या बचावपटूंनी संकटात सापडलं की चेंडू स्वतःच्याच रेषेपलीकडे ढकलला, एकदा नव्हे, अकरा वेळा. सहा वाचवायचे तर एक द्यायचा, हा हिशेब. पुढच्या वर्षीपासून जाणूनबुजून असं करण्याला शिक्षा लागू झाली. शिवाय एकास एक झुंज मागे पडून पूर्ण संघाने मिळून जागा अडवायची पद्धत आली. ज्याची सगळी विद्या एका फॉरवर्डच्या पाठीमागे उभं राहून कमावलेली, त्याने हे सारं नव्याने शिकायचं आणि वयाच्या पस्तिशीनंतर, लान्स फ्रँकलिनसारख्या वेगवान फॉरवर्डपुढे निभावायचं. फ्लेचरने ते निभावलं. त्याला त्याच्या ताकदीपेक्षा समज टिकवून ठेवत होती, असं माझं मत आहे.

आता एक कटू भाग, तो वगळून पुढे जाणं मला पटत नाही. २०१२ साली एसेंडनने खेळाडूंना इंजेक्शनं देण्याचा एक कार्यक्रम राबवला. त्यात बंदी असलेलं द्रव्य दिल्याचा संशय आला आणि प्रकरण बाहेर आलं. २०१३ मध्ये क्लबला बाद फेरीतून काढून टाकलं, वीस लाख डॉलर दंड झाला, आणि प्रशिक्षक जेम्स हर्ड, १९९३ च्या त्याच पोरसवदा संघातला सहकारी, वर्षभर बाजूला झाला. मार्च २०१५ मध्ये लीगच्या न्यायाधिकरणाने खेळाडूंना निर्दोष ठरवलं. पण जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो निकाल फिरवला आणि ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी घातली. त्या यादीत फ्लेचरचंही नाव होतं. आपल्या शरीरात काय जातंय हे विचारणं खेळाडूचं कर्तव्य आहे, हे मी मानतो. पण ज्यांनी हा कार्यक्रम आखला त्यांच्या चुकीचं सर्वांत जड ओझं खेळाडूंच्या खांद्यावर आलं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

त्या निकालाच्या आधीच तो थांबला होता. ३० मे २०१५, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ एसेंडन आणि रिचमंड दरवर्षी तिथे एक सामना खेळतात. काळी जर्सी, तिच्यावर तिरपा लाल पट्टा, पाठीवर ३१. नुकतीच चाळिशी ओलांडलेला फ्लेचर ४०० वा सामना खेळायला उतरला. तोवर तो आकडा दोघांनीच गाठला होता, मायकल टक आणि केव्हिन बार्टलेट. दोघेही मोकळ्या मैदानात धावणारे. आयुष्यभर शेवटच्या फळीत उभं राहून तिथवर पोचलेला फ्लेचर पहिलाच. एसेंडन हरलं, त्याला दुखापत झाली, आणि तो पुन्हा खेळला नाही. चारशे सामन्यांत त्याचे स्वतःचे गोल शंभरसुद्धा नाहीत. लॉकेटचे १३६० आहेत.

श्रोतेहो, या खेळाचा हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर अंतिम सामना होतो. तुमचं कोणी मेलबर्नला असेल, तर त्यांना एखादा सामना मैदानावर जाऊन पाहायला सांगा. तिकीट घेताना गोलच्या खांबांमागची जागा मागायची. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे फुल बॅक बराच वेळ दिसतच नाही. खांबांमागे बसलं की तो पूर्ण वेळ समोर असतो. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो काय करतो, कुठे सरकतो, कोणाला हाका मारतो, ते पाहायला सांगा.

नमस्कार.