'इन्क्लाइन' म्हणजे नेमकं काय?

[दृश्य: कोल्हापुरातली एक जिम, सकाळची गर्दी]

"भावा, आज छाती हाय. आधी इन्क्लाइन मारूया की!"

हा शब्द इथं डिक्शनरीतून आलेला नाही. बाकाची पाठ तीस ते पंचेचाळीस अंशांवर उचलायची, खिट्टी खाचेत बसवायची आणि तिरकं रेलून बार वर ढकलायचा. ताण येतो छातीच्या वरच्या भागावर आणि खांद्यांवर. डोकं खाली जाईल असा बाक केला की तोच 'डिक्लाइन'. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या कलण्यावरून आले. डिक्लाइन पुढं घसरणीला लागला आणि नकारालाही.

[दृश्य: टेम्पोला लावलेली फळी, वर चढणारी बुलेट]

शाळेच्या पुस्तकातली 'उतरण' ती हीच, इन्क्लाइन्ड प्लेन. टेम्पोची उंची तीन फूट, फळी नऊ फुटांची. घर्षण सोडलं तर गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांश जोरात काम भागतं, पण अंतर तिप्पट ढकलावं लागतं. फळी आखूड असली की दोघं मागून रेटतात आणि तिसरा हँडल धरून नुसताच ओरडतो.

[दृश्य: खासबाग मैदान]

शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कोलोसियम पाहिलं. १९१२ मध्ये हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती त्याच्याकडं उतरत आलेली बैठक, म्हणजे इन्क्लाइनच. पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. पाठ टेकली की नाही, हे शेवटच्या रांगेतला गडीसुद्धा छातीठोकपणे सांगतो. वाद घालतो तो वेगळा.

आपली महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईला जाताना लोणावळा ओलांडून ज्या घाटातून उतरते, त्या रेल्वेमार्गाचं जुनं नावच 'भोर घाट इन्क्लाइन'. १८६३ मध्ये तो सुरू झाला. सगळ्यात खड्या ठिकाणी सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट चढ. म्हणून वर येणाऱ्या गाडीला आजही कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात.

हा शब्द चढ म्हणून, नाम म्हणून वापरताना उच्चारात जोर 'इन्'वर द्यायचा. क्रियापद झालं की तो 'क्लाइन'वर सरकतो.

[दृश्य: ऑफिसातली मीटिंग]

क्रियापद बहुतेक वेळा मनाबद्दलच बोलतं. साहेब म्हणाले, 'आय अ‍ॅम इन्क्लाइन्ड टू अ‍ॅग्री', तर पेढे आणायची घाई नको. मन होकाराकडं झुकलंय, सही अजून बाकी आहे. पोरगी 'म्युझिकली इन्क्लाइन्ड' आहे म्हणजे तिला गाण्याची ओढ आहे. गळा कसा आहे, ते ऐकूनच ठरवा.

[दृश्य: रंकाळ्याचा कठडा]

आणि भिंतीला लावलेली शिडी किंवा रंकाळ्याच्या कठड्याला रेलून भेळ खाणारा पोरगा, यांना इन्क्लाइन चालत नाही. कशाचा तरी आधार घेऊन टेकणं आलं की इंग्रजीत 'लीन'.