फोनचा आवाज गेला? पण नेमका कुठला?

नमस्कार मंडळी! पाऊस सुरू झाला की मला हमखास विचारलं जातं, "दादा, फोनचा आवाज गेलाय, काय करू?" त्यावर माझा उलटा प्रश्न असतो. समोरच्याचं तुम्हाला ऐकू येत नाही, की तुमचं समोरच्याला? ही दोन वेगळी दुखणी आहेत. हे न बघता दुकान गाठलंत, तर भलताच पार्ट बदलून याल.

(फोन कॅमेऱ्याजवळ धरून) हे बघा. वर कानाशी येते ती बारीक फट, हा इअर स्पीकर. खाली चार्जिंगशेजारी जाळी आहे, तो मोठा स्पीकर. दुकानवाले त्याला रिंगर म्हणतात. बाजूचं टाचणीएवढं भोक म्हणजे माईक. आणि हे वरच्या कडेला अजून एक भोक दिसतंय? हा दुसरा माईक. लोकलचा खडखडाट, अनाउन्समेंट, सगळं तो टिपतो आणि फोन ते तुमच्या आवाजातून वजा करतो. कव्हरने हे भोक झाकलं, की दादर स्टेशनवरून तुम्ही कितीही ओरडा, पलीकडून "हॅलो, हॅलो"च येणार. म्हणून आधी कव्हर काढून फोन लावून बघा. स्क्रीन गार्ड वरच्या फटीवर चढलाय का, तेही बघा.

आता रेकॉर्डर उघडा, दोन वाक्यं बोला आणि ऐका. स्वच्छ आलं? मग खालचा माईक आणि रिंगर दोन्ही ठणठणीत आहेत. काहीच आलं नाही, तर तेच रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐका. त्यात ऐकू आलं, तर माईक चांगला आहे, लोचा रिंगरचा. कॉल कानाला लावून ऐकू येत नाही, पण स्पीकरवर टाकला की येतं? मग वरची फट बघा.

सेटिंगचं पटकन सांगतो. ब्लूटूथ बंद करा. कपाटातल्या इअरबड्सना फोन जोडलेला असतो आणि आपण इथे आवाज वाढवत बसतो. कॉलचा आवाज कॉल चालू असतानाच वाढवायचा, गाण्याचा वेगळा असतो. अँड्रॉइड 12 पासून वरच्या पट्टीत माईक बंद करायचं बटण आलंय, ते चुकून दाबलं गेलंय का बघा. इअरफोनच्या एकाच कानात येत असेल, तर ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बॅलन्स मध्यावर आणा.

बहुतेक वेळा खरा गुन्हेगार मळ असतो. जाळीवर टॉर्च मारा. खिशातली लव, घाम आणि धूळ मिळून करड्या लोकरीसारखा थर बसलेला दिसेल. जाळी जमिनीकडे करा आणि मऊ, कोरड्या टूथब्रशने हळूहळू झाडा. टाचणी अजिबात घालायची नाही, आतला नाजूक पडदा फाटतो. तोंडाने फुंकरही नको, ओल आत जाते.

पाणी गेलं असेल तर फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, जाळी खाली करून तळहातावर हलके आपटा आणि वाऱ्यावर ठेवा. तांदळाच्या डब्यात नको! ॲपलनेही तसं करू नका म्हणून सांगितलंय, तांदळाचे कण आत जाऊन फोन बिघडू शकतो. आणि ओला फोन झिपच्या पिशवीत कोंबू नका, ओल आतच अडकते. आधी पुसा, मग पिशवी.

इतकं करूनही जमलं नाही, तर दुरुस्तीला मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, मनीष मार्केट आहे. पण तिथे "आवाज येत नाही" एवढंच सांगू नका. "रेकॉर्डिंग होतंय, रिंगर बंद आहे" असं सांगा. माईक गेलाय आणि चार्जिंगही अडखळतंय, तर चार्जिंग बोर्ड तपासायला सांगा. बऱ्याच फोनमध्ये खालचा माईक त्याच बोर्डावर असतो. फोन तुमच्यासमोर उघडायला लावा आणि काढलेला पार्ट मागून घ्या.