नोव्हेंबरातली कोळपणी

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळींनो, नमस्कार.

सोलापुरात या आठवड्यात सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा झाला, सातही नंदीध्वज मिरवले आणि होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली. आपल्यापैकी अनेकांनी तो फोनच्या पडद्यावर पाहिला असेल, मीही पाहिला. पण आज मला बोलायचे आहे ते आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर झालेल्या एका भांडणाविषयी, कारण चार महिने झाले तरी ते माझ्या मनातून गेलेले नाही.

गेल्या मे महिन्यात माझी नोकरी गेली. सप्टेंबरात माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला गणितात फार कमी गुण मिळाले. मी त्याला म्हणालो, "धीर धर, सातत्य ठेव, सगळं नीट होईल." त्यावर तो चिडून म्हणाला, "बाबा, धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं? तुम्हीपण धीरच धरलाय ना? तुम्ही तर दिवसभर फोनकडे बघत बसता." मी आवाज चढवला, तो उठून गेला आणि त्याचे ताट तसेच राहिले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला कळले की त्याने उद्धटपणा केलेला नव्हता, त्याने प्रश्न विचारला होता आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते.

उत्तर शोधताना मला माझे वडील आठवले. ते सोलापुरात गिरणी कामगार होते. नव्वदच्या दशकात त्यांची गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, आणि थकलेला पगार आज मिळेल, उद्या मिळेल, असे म्हणत ते काही महिने गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहत. शेवटी आजीने त्यांना मंगळवेढ्याकडच्या आमच्या कोरडवाहू रानात बोलावून घेतले. वयाच्या चाळिशीत त्यांनी तिच्या हाताखाली ज्वारी शिकायला सुरुवात केली.

आपण सगळे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी सामानात भरून इथवर आणतो, पण ती ज्वारी कशी येते हे आपल्या मुलांना आपण कधी नीट सांगितलेले नाही. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडणारा. रब्बीच्या ज्वारीसाठी पावसाळाभर काळे रान मोकळे ठेवतात, त्यात एकही पीक नसते, तरी कुळवाच्या, म्हणजे माती उकरणाऱ्या औताच्या, पाळ्या चालू असतात, कारण वरची घट्ट बसलेली माती फुटली तरच पडलेले पाणी आत मुरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होते. त्यानंतर पाऊस येईलच असे नाही, बहुतेकदा येतच नाही. पुढचे चार महिने ते पीक पावसाळ्यात जमिनीत साठवलेल्या ओलीवर आणि थंडीवर वाढते. मालदांडी ही ज्वारीची याच हिशेबाची जात आहे.

मला आठवते ती नोव्हेंबरातली कोळपणी, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली माती औताने मोकळी करण्याचे काम. एकदा सुट्टीत मी रानावर गेलो होतो. ज्वारी गुडघ्याच्या वर गेली होती, तण औषधालाही शिल्लक नव्हते, आणि तरीही वडील बैलांना जुंपून दातेरी कोळपे चालवत होते. मी आजीला विचारले, "तण न्हाई तर मग कशाला कोळपायचं?" ती म्हणाली, "तण न्हाई रं काढत. आत हाय ती ओल राखायलोय."

काळी माती वाळू लागली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत केला की भेगा बुजतात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपल्याकडचे शेतकरी म्हणतात. या कामातून पाण्याचा एकही थेंब नव्याने मिळत नाही, रान आदल्या दिवशी होते तसेच दुसऱ्या दिवशीही दिसते, आणि ते केले नाही तर काय गेले हे हुरड्याच्या वेळी कणसात दाणा भरला नाही म्हणजेच कळते. माझ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. धीर धरणारा माणूस दिवसभर काय करतो, तर तो भेगा बुजवतो.

आजीला ही समज कुठून आली, याचाही मी विचार केला. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली होती, पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली होती, बाहेरून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी आणि सरकारने वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले होते. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली आपल्या राज्याने केला, हे पुस्तकात वाचायला मिळते. आजी मात्र एवढेच सांगे, की टोपली उचलली की पुढच्या टोपलीपर्यंत पोटातली काळजी गप्प बसते. तिने वाहिलेल्या मातीच्या त्या तलावात चांगल्या पावसाच्या वर्षी अजून पाणी थांबते.

त्या भांडणानंतर मी एक गोष्ट ठरवली. मुलगा सकाळी सहाला टेबलावर बसेल तर मीही बसेन. त्याची रोज पाच गणिते, माझा नव्या कामाच्या अभ्यासाचा एक धडा आणि एक अर्ज. फोन दुसऱ्या खोलीत. या चार महिन्यांत मला सात मुलाखती मिळाल्या, कायमची नोकरी अजून मिळालेली नाही. मुलाचे गुण वाढले, पण फार नाहीत. तरी आता चुकलेले गणित तो खोडून टाकत नाही, कुठे चुकले ते शोधतो.

आता आपल्या मंडळाविषयी थोडे बोलतो, आणि ते प्रेमाने बोलतो. नोकरी गेल्यावर मी तीन कार्यक्रमांना आलो नाही, कारण "सध्या कुठे?" या प्रश्नाला तोंड देण्याची माझी तयारी नव्हती. चूक माझीच होती, पण हा प्रश्न आपण भेटताक्षणी विचारतो हेही खरे आहे. या व्यासपीठावर आपण नवे घर घेतलेल्यांचा, मुलांच्या पदकांचा सत्कार करतो आणि तो करावाच. पण आपल्या मुलांना त्यातून फक्त खळ्यातली धान्याची रास दिसते. कोळपणी आपण त्यांच्यापासून लपवतो, कारण ती करताना माणूस हरलेला दिसतो. या सभागृहात आजही अशी दोन-चार घरे असतील. त्यांना शुभेच्छांचा संदेश पाठवण्यापेक्षा सकाळी त्यांच्यासोबत तासभर बसा, त्यांचा अर्ज वाचून द्या, त्यांच्याकडून मुलाखतीचा सराव करून घ्या.

एक काळजी मात्र माझ्यापाशी उरलीच आहे. कोळपणीने राखली जाते ती ओल आधी पावसाळ्यात मुरलेली असते, आणि त्यासाठी रान खोल लागते. मुरमाड माळावर कितीही कोळपले तरी राखायला खाली काही नसते. आमची चांगली वर्षे होती तेव्हा मी मुलाला सगळे हातात आणून दिले, त्याला कुठल्याच गोष्टीसाठी थांबू दिले नाही. तेव्हा त्याच्यात काय मुरले असेल, हे मला अजून समजलेले नाही.

गेल्या रविवारी त्याने आजोबांना फोन लावून कोळप्याविषयी विचारले. वडील खूश झाले, दातेरी आणि पासाच्या, म्हणजे सलग पात्याच्या, कोळप्यातला फरक त्यांनी त्याला बराच वेळ समजावला. कोळपे आता गोठ्याच्या आढ्याला टांगलेले आहे, बैल केव्हाच विकले, आणि काढणीला माणसे मिळत नाहीत म्हणून शेजारच्या रानांतून ज्वारी हटून ऊस आला आहे, हेही त्यांनी सांगितले. मुलाने विचारले, "मग आजोबा, यंदा आपल्या रानातल्या भेगा कोण बुजवतंय?"

पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही, आणि मग तो फोन त्याने माझ्या हातात दिला.