पांढरी फीत: आरमारी पेमास्टर टॉमस मिचेल

पडद्यावर दिसणारे हे चांदीचे पदक कोणत्याही लढाईचे नाही. एका बाजूला मुकुट घातलेली राणी व्हिक्टोरिया असून तिच्याखाली १८७६ हे साल कोरलेले आहे. दुसऱ्या बाजूला बर्फात रुतलेले एक जहाज आहे आणि वरची फीत संपूर्ण पांढरी आहे. उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे हे पदक ज्यांना मिळाले, त्यांत ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील असिस्टंट पेमास्टर टॉमस मिचेल होते.

पेमास्टर म्हणजे जहाजाचा खजिनदार आणि कोठावळा एकाच माणसात. पूर्वी या कामावरच्या माणसाला पर्सर म्हणत. शिधा आणि कपडे विकून होणाऱ्या नफ्यावर त्याची गुजराण चाले, त्यामुळे खलाशांमध्ये तो बदनाम असे. १८४० च्या दशकात त्याला रीतसर कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याची सनद, मिळाले आणि १८५२ मध्ये पेमास्टर हे नाव रूढ झाले. १८६३ पासून त्याच्या बाहीवरील सोनेरी पट्ट्यांमध्ये पांढरे कापड आले. लढाऊ अधिकाऱ्यांच्या पट्टीवर असणारा गोल वेढा मात्र त्याला १९१८ पर्यंत दिला गेला नाही, आणि हा अन्याय होता असे मला स्पष्टपणे वाटते.

पगाराच्या दिवशी मेजावर वही उघडी असे. खलाशी पुढे येऊन टोपी काढी, ती मेजावर ठेवी आणि मोजलेली नाणी त्या टोपीवरच ठेवली जात.

२९ मे १८७५ रोजी जॉर्ज नेर्स यांच्या नेतृत्वाखाली ‘अलर्ट’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही जहाजे पोर्ट्समथहून निघाली. ‘डिस्कव्हरी’ने हिवाळा ८१ अंश ४४ मिनिटे उत्तर अक्षांशावर, लेडी फ्रँकलिन उपसागराच्या काठी काढला. चार महिन्यांहून अधिक काळ तिथे सूर्य उगवलाच नाही. हजेरीपट, कोठीचा साठा आणि जमाखर्च हे सारे त्या अंधारातही दिव्याच्या उजेडात नियमाने लिहावे लागत होते.

मिचेल यांच्यावर आणखी एक काम होते, ते छायाचित्रणाचे. निघण्यापूर्वी त्यांनी आणि ‘अलर्ट’चे इंजिनियर जॉर्ज व्हाइट यांनी इंग्लंडमधील चॅटम येथे त्याचे शिक्षण घेतले होते. काचेच्या पट्टीवर चित्र घ्यायचे, तेही जिथे बोटे उघडी ठेवणे धोक्याचे होते अशा थंडीत, हे काम किती चिकाटीचे असेल याची कल्पना करून पाहावी. बर्फातली जहाजे, माणसे आणि ग्रीनलंडचे रहिवासी आज आपण पाहू शकतो, ते या दोघांमुळे.

मोहिमेची किंमत मोठी होती. १२ मे १८७६ रोजी ‘अलर्ट’ची एक तुकडी ८३ अंश २० मिनिटांपर्यंत पोहोचली आणि तो तोवरचा विक्रम ठरला, पण क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने माणसे खिळखिळी केली. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर गेलेल्या ‘डिस्कव्हरी’च्या तुकडीतील दोन खलाशी दगावले. लिंबाचा रस जहाजांवर होता, परंतु या तुकड्या बर्फावरून ओढत नेत त्या घसरगाड्यांच्या शिध्यात तो दिलेला नव्हता, आणि पुढच्या वर्षी चौकशी समितीने नेमके यावरच बोट ठेवले. साठ्याच्या वहीत जमा असलेली वस्तू माणसाच्या तोंडापर्यंत पोहोचली नाही, ही गोष्ट हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही सलत राहील.

१८७६ च्या शरद ऋतूत जहाजे परतली आणि पुढे पदके दिली गेली. राणीच्या आरमाराची पदके पाहताना जाणकार आधी कडेकडे पाहतात, कारण तिथे नाव, हुद्दा आणि जहाज ठोकलेले असते. मुंबईहून सैन्य पाठवून केलेल्या १८६७-६८ च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेच्या पदकावर तर अनेकांची नावे मागच्या बाजूच्या मधोमध उठावात घडवलेली आढळतात, आणि ती पद्धत फार खर्चिक पडली. ध्रुवीय पदकासाठी शौर्याची वेगळी नोंद लागत नव्हती. त्या जहाजांवर सेवा केलेली असणे पुरेसे होते, आणि ‘डिस्कव्हरी’वर कोण होते हे सांगणारा पट मिचेल यांच्याच ताब्यात होता.