आवाज कमी, स्टूल जवळ

(दृश्य: रिकामा हॉल. गायिका मधोमध उभी राहून एक टाळी वाजवते.)

ऐकलंत? टाळी एकच, पण तिचं शेपूट किती वेळ रेंगाळलं. खाली गुळगुळीत फरशी, समोर काचा, वर सपाट छत. वृद्धाश्रमाचा हा हॉल पुसायला सोपा जावा म्हणून असा आहे. गाण्याचा विचार कुणी केला नव्हता.

आधी टीव्ही बंद. कोपऱ्यातला फ्रिज घरघरतोय, पण त्यात औषधं आहेत. म्हणून खुर्च्याच त्याच्यापासून लांब सरकवल्या. गायिकेच्या पाठीमागचे जाड पडदे ओढले. पुन्हा टाळी. शेपूट आखडलं. आणि पाठीमागची खिडकी झाकल्यामुळे उजेड आता तिच्या चेहऱ्यावर आला. इथले बरेच जण ओठ बघून शब्द पकडतात.

वयानं कान जातात ते बारीक आवाजांपासून. स, श, फ आधी हरवतात. चाल कळते, शब्द कळत नाहीत. मग आवाज वाढवायचा? सगळे तेच करतात आणि तिथेच फसतात. अशा कानांना हळू आवाज पोचत नाही आणि जरा चढवला की टोचतो. "ऐकू येत नाही" आणि "ओरडू नका" यांच्यात जागा फार थोडी उरते. शिवाय चढवलेला आवाज भिंतींवर आपटून परत येतो. मागच्या रांगेला गाणं कमी आणि घुमणं जास्त मिळतं.

म्हणून मोठा स्पीकर गाडीतच राहिला. हे दोन छोटे, बसलेल्यांच्या कानांहून थोडे वर, दोन्ही बाजूंना, लोकांच्या जवळ. आणि माइकच्या पुढे. मागे ठेवले की त्यांचाच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिटी ठरलेली.

(दृश्य: शिटी. गिटारवाला मिक्सरकडे, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करायच्या यंत्राकडे, धावतो.)

तरी शिटी आलीच. मिक्सर बिचारा निर्दोष होता. दुसऱ्या रांगेतल्या आजींनी कानावर हात ठेवला होता. शिटी त्यांच्या श्रवणयंत्राची. हात काढला, शिटी थांबली. एडिटिंगच्या टेबलावर हा तुकडा आम्ही उगाचच चार वेळा पाहिला.

व्हीलचेअर शेवटी येतात आणि शेवटीच लावल्या जातात, नेहमीचंच. इथे पुढची रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे, गर्रकन वळता येईल अशी, दीडेक मीटर. रांगा घोड्याच्या नालासारख्या गोल. वायर भिंतीच्या कडेनं, वर टेप. तो टेप लावणारा अंगठा बघा, वीतभर पुढे जातो, थांबतो, दाबतो, पुन्हा वीतभर. वॉकर अडकून पडणं या वयात महागात जातं.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोल्यांची दारं उघडी ठेवली. तिकडे आम्ही कॅमेरा नेला नाही.

सुरुवात एकदम नाही. आधी नुसती गिटार, बोटांनी, हळू. दचकणारी माणसं आहेत इथे; त्यांच्या पाठीमागून कुणी चालतही नाही. पट्टी दोन सूर खाली घेतली आहे. तिच्या गळ्याला ती जड जाते, पण वरच्या पट्टीत ती एकटीच गात बसली असती.

दुसऱ्या कडव्याला ती माइक बंद करते, स्टूल उचलते आणि नालाच्या आत येऊन बसते. डोळे आता एका उंचीवर.

(इथून पुढे निवेदन नाही. हॉलचा आवाज आहे तसा ठेवावा.)