कुत्रं चावल्यानंतरचे पहिले चौदा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्रं चावून रक्त आलं की दवाखान्यात दोन प्रकारची इंजेक्शनं सांगतात. एक दंडाला, रेबीजच्या म्हणजे पिसाळ रोगाच्या लशीचं. दुसरं थेट जखमेत, सीरमचं. दंडाचं इंजेक्शन लोक घेतात. जखमेतलं मात्र फार दुखतं, बाहेर घ्यायचं तर महागही पडतं, म्हणून "लस घेतली ना, मग झालं" असं म्हणून ते टाळतात. लस अगदी वेळेवर सुरू केली, पण सीरम राहिलं, एवढ्यानंही माणूस दगावू शकतो. असं का होतं, ते समजायला आपली प्रतिकारशक्ती विषाणूला ओळखते कशी आणि त्याला किती दिवस लागतात, ते पाहावं लागेल.

एरवी बाहेरचं काही शरीरात शिरलं की पहिली ओळख काही तासांतच पटते. पेशींच्या आत आणि बाहेर असे ग्राहक रेणू असतात, जे जंतूंच्या ठरावीक खुणा टिपतात, म्हणजे जिवाणूच्या भिंतीतले घटक, विषाणूचा आरएनए. खूण सापडली की पेशी इंटरफेरॉन सोडते, शेजारच्या पेशी सावध होतात, जागा लाल होते, सुजते, पांढऱ्या पेशी धावून येतात. हा विषाणू नेमका कोणता, हे या पहिल्या फळीला कळत नाही. "परकं आहे" एवढंच कळतं.

नेमकी ओळख पुढच्या टप्प्यात होते. जखमेजवळच्या शाखायुक्त पेशी विषाणूचे तुकडे गिळतात आणि जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं ना, ती हीच ग्रंथी. तिथे टी आणि बी या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी दाटीनं असतात आणि प्रत्येकीचा ग्राहक वेगळा असतो. जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे जुळवून शरीर ही विविधता तयार करतं. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी ते दाखवून दिलं आणि 1987 चं नोबेल त्यांना मिळालं. गंमत अशी की आयुष्यात कधी न भेटलेल्या विषाणूला जुळणारी पेशीही आपल्यात आधीपासून असते. फक्त ती लाखांत एखादी असते. ती सापडायला, एकीच्या हजारो व्हायला आणि त्यांनी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात सोडायला सात ते दहा दिवस जातात. ही मुदत औषधानं कमी करता येत नाही.

आता रेबीजचा विषाणू घ्या. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, वर चरबीचं आवरण, त्यावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचे काटे. लाळेतून तो स्नायूत जातो आणि तिथून मज्जातंतूच्या टोकात शिरतो. संख्येनं थोडा असतो, पेशी फोडत नाही, गाजावाजा करत नाही. त्याचं एक प्रथिन तर इंटरफेरॉनची यंत्रणाच दाबून टाकतं. एकदा मज्जातंतूच्या आत गेला की रक्तातली प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. तिथून मेंदूकडे त्याचा प्रवास दिवसाला काही सेंटीमीटर या वेगानं होतो. लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांत दिसतात, पण आठवड्याभरातही दिसू शकतात आणि वर्षानंतरही. चेहरा, मान, हाताची बोटं इथल्या चाव्यात धोका जास्त, कारण तिथे मज्जातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदूही जवळ. रेबीजच्या रुग्णाच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडं बहुतेक वेळा लक्षणं सुरू झाल्यावरच सापडतात. तोवर फार उशीर झालेला असतो.

लस हेच सुधारते. मारलेला विषाणू भरपूर प्रमाणात, उघड्यावर, शाखायुक्त पेशींच्या समोर आणून ठेवते. सरकारी दवाखान्यांत आता लस बहुधा कातडीत देतात: 0.1 मिलिलिटर, दोन्ही दंडांवर एकेक, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. इथे पहिली मात्रा ज्या दिवशी घेतली तो शून्य दिवस धरायचा, चावल्याचा दिवस नव्हे. स्नायूतली लस असेल तर शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस अशा पाच मात्रा. कातडीत एवढी थोडी लस पुरते, कारण शाखायुक्त पेशी कातडीत दाट असतात. मात्र सुई खोल गेली तर हिशेब चुकतो. टोचल्यावर कातडीवर लहानसा फुगवटा यायला हवा. आला नाही तर ती मात्रा शेजारी पुन्हा द्यावी लागते. आणि ही लस कुल्ल्यावर कधीही घेऊ नका. तिथल्या चरबीत ती नीट शोषली जात नाही. मोठ्यांना दंड, तान्ह्या बाळांना मांडीची पुढची-बाहेरची बाजू.

रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक झाली की ती पुरेशी मानतात. चौदाव्या दिवसापर्यंत जवळपास सगळे निरोगी लोक तिथे पोचतात. म्हणजे पहिला आठवडा-दीड आठवडा शरीराकडे स्वतःचं काहीच नसतं. विषाणू मात्र जखमेत असतो आणि मज्जातंतूचं टोक शोधत असतो.

या रिकाम्या दिवसांसाठी सीरम आहे. त्यात तयार प्रतिपिंडं असतात, माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून काढलेली. माणसाचं असेल तर वजनाच्या किलोला 20 एकक, घोड्याचं असेल तर 40. घोड्याच्या सीरममध्ये मिलिलिटरला 300 एकक असतील, तर साठ किलोच्या माणसाला 2400 एकक, म्हणजे आठ मिलिलिटर, ही कमाल मात्रा झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं तयार केलेलं एकाच प्रकारचं प्रतिपिंडही मिळतं, त्याची मात्रा किलोला 3.33 एकक. कुठलंही असो, ते जखमेच्या कडेला आणि तळाशी भरायचं असतं. प्रतिपिंडं विषाणूच्या काट्यांना चिकटतात आणि त्याला मज्जातंतूत शिरू देत नाहीत. हे काम जखमेतच होतं. दंडात दिलेलं सीरम अख्ख्या शरीरात पसरून विरळ होतं. जखमा बऱ्याच असतील आणि सीरम अपुरं पडत असेल, तर डॉक्टर त्यात सलाइन मिसळून वाढवतात, पण एकही जखम सोडत नाहीत.

सीरम पहिल्याच दिवशी घ्यावं. राहिलं असेल तर लशीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत घेता येतं, नंतर नाही, कारण तोवर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं. सीरम आणि लस एका सिरिंजमध्ये किंवा एका जागी देत नाहीत. सीरम लशीतल्याच विषाणूला जाऊन चिकटेल आणि लस वाया जाईल.

वयस्कर श्रोत्यांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीला ती तयार केली. तिच्यात मेंदूतला मायलिन हा पदार्थही येई. शरीर त्यालाही परका समजून त्याच्याविरुद्ध उठे, पण तसाच मायलिन आपल्या मज्जातंतूंवरही असतो. त्यामुळे काहींना लशीनंच पक्षाघात होई. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनते, तिच्यात हा धोका नाही. ती गरोदर बाईलाही द्यायची आणि तान्ह्या बाळालाही.

या सगळ्याच्या आधीचं काम घरीच करायचं आहे आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. साबणानं विषाणूचं चरबीचं आवरण फुटतं, म्हणजे पहिली झुंज शरीराला करावीच लागत नाही. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. तिखट, चुना, हळद, रॉकेल, यातलं काहीही नको. त्यानं जखम चिघळते आणि धुणं राहून जातं. टाके शक्यतो घालायचे नाहीत. घालावेच लागले तर आधी सीरम भरायचं, मग टाके.

कुत्रं पाळीव असो वा भटकं, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी, पण तोवर लस थांबवून ठेवू नये. स्टेरॉइड, कर्करोगाची औषधं, एचआयव्ही असं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अशा शरीरात प्रतिपिंडं कमी बनतात, त्यामुळे रक्त न आलेल्या ओरखड्यालाही सीरम लागतं. क्लोरोक्विन हे हिवतापाचं औषध चालू असेल तर कातडीतल्या लशीचा परिणाम घटतो, तेही सांगा. जगात रेबीजनं दगावणाऱ्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. ओरडा बसेल म्हणून मुलं ओरखडा लपवतात. त्यांना आजच सांगून ठेवा की कुत्रं चावलं हे सांगितलं तर कुणी रागावणार नाही.

लशीचा कागद मात्र जपून ठेवा. कोर्स पूर्ण झालेल्या माणसाच्या शरीरात त्या लाखांत एक असलेल्या पेशीची संतती स्मृतिपेशी म्हणून उरलेली असते. पुन्हा कुत्रं चावलं तर जखम तशीच धुवायची, पण लस फक्त शून्य आणि तिसऱ्या दिवशी, कातडीत एकाच जागी. सीरम लागत नाही, कारण या वेळी प्रतिपिंडं काही दिवसांतच पुरेशी वाढतात. कागद हरवला आणि आठवणही नसेल, तर डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून, जखमेतल्या सीरमसकट, द्यावं लागतं.